पालकाचे निवेदन, पाने अकरा

पाइपलाइन रोडवरच्या गिरणीत माझ्यापुढे अजून दोन डबे होते, तेव्हा हातातला मोबाईल थरथरला. केंद्राच्या पालक ग्रुपवर कुणीतरी आवाज टाकला होता, चाळीस सेकंदांचा. खाली लिहिलेलं होतं, ‘कु. दिशा, वाचन प्रगती’. गिरणी चालू असताना काही ऐकू येत नाही हे माहीत असूनही मी फोन कानाशी घट्ट धरला आणि दुसऱ्या कानावर तळहात दाबला. एक मुलगी वाचत होती. स्वच्छ, संथ, कुठंही न थांबता. ‘मुलीला काही सांगितले की ती ऐकल्यासारखे करते. तिच्या चेहऱ्यावरून वाटते की शब्द आत गेला. प्रत्यक्षात तो दारातच उभा असतो.’ आधी मला वाटलं, ही आमची दिशा नव्हेच. दिशाला एक ओळ वाचायला चार मिनिटं लागतात आणि त्या चार मिनिटांत ती दोनदा पाणी प्यायला उठते. मग वाटलं, मजकूर बरा आहे, कुणाचा असेल? दारात उभा असलेला शब्द मला आवडला होता, हे मला अजून आठवतं. गिरणीवाला माझा डबा उचलून म्हणाला, ताई, जाड की बारीक, आणि त्याच क्षणी मला कळलं की ते मी लिहिलेलं आहे. मी बारीक म्हणाले. मला लाडवांसाठी जाड हवं होतं.

जूनमध्ये दिशाला त्या निवासी केंद्रात ठेवताना एक फॉर्म भरून घेतला होता. त्यात शेवटी ‘पालकाचे निवेदन’ असा रकाना होता. ‘आपल्या पाल्याच्या अडचणी मोकळेपणाने, काहीही न लपवता लिहाव्यात.’ खाली सहा ओळींची जागा. आठवीतली मुलगी, वाचता येत नाही, उजळणी येत नाही, शाळेतून चिठ्ठ्यांवर चिठ्ठ्या, वर्गात बसून कंपासनं बाकावर गोल काढत राहते. सहा ओळींत हे बसलं असतं. पण मी फॉर्म घरी आणला. माझा नवरा महेंद्र सुप्याला कंपनीत पहिल्या पाळीला गेलेला, दिशा तिच्या खोलीत, कुकरच्या दोन शिट्ट्या झालेल्या, आणि मी ओट्यापाशी उभ्या उभ्या लिहायला लागले. तिसऱ्या शिट्टीला मी गॅस बंद केला आणि स्टूल ओढून बसले. सलग असं मी शेवटचं लिहिलं होतं ते बी.ए.च्या शेवटच्या पेपरात, तेव्हा पोटात पाचवा महिना होता आणि पुरवणी मागायला हात वर केला की बाई आधी पोटाकडं बघायच्या. त्यानंतर चौदा वर्षं किराण्याची यादी आणि शाळेच्या डायरीत ‘तब्येत बरी नसल्याने’. त्या दुपारी मात्र पेन चालत होता. एक आठवलं की त्यातून दुसरं. आधी कच्चं लिहिलं, मग फुलस्केपवर पक्कं केलं. अकरा पानं झाली. महेंद्रनं न वाचता खाली सही केली. तू लिहिलंस म्हणजे बरोबरच असणार, असं तो म्हणाला आणि जेवायला बसला. दिशा समोरच होती. तिनं विचारलं, एवढं काय लिहिलंय? मी म्हटलं, तुझं कौतुक. ती हसली. ती पानं तिच्या ताटाशेजारी पडली होती, पण तिला ती वाचता येणार नव्हती, म्हणून मी उचलायची घाई केली नव्हती.

दळण घेऊन घरी आल्यावर मी केंद्रात फोन लावला. भागवत सर स्वतःच बोलले. तेच केंद्र चालवतात, आवाज कधी चढवत नाहीत, प्रत्येक वाक्याआधी थोडं थांबतात. ते म्हणाले, पहिले आठ महिने भेटी बंद असतात, त्यामुळं पद्धत सांगायची राहिली. मूल धड्यातल्या राजाराणीला कंटाळतं, पण स्वतःबद्दल लिहिलेलं वाचायला कुणी कंटाळत नाही. म्हणून ज्याचं त्याचं निवेदन हेच ज्याचं त्याचं पुस्तक. रोज दोन ओळी, उभं राहून, पाच वेळा. त्यातच वाचन होतं आणि त्यातच आत्मपरीक्षण. बाकीच्या पालकांनी दोन-तीन ओळी खरडल्यात, त्यांच्या मुलांना मग जुनी पाठ्यपुस्तकं द्यावी लागतात. पुणतांब्याच्या एका शेतकऱ्यानं तर ‘मन लागत नाही’ एवढंच लिहिलं, त्याची आरती दोन दिवसांत निवेदन संपवून बसली. तुमची दिशा भाग्यवान. अक्षर सुंदर, भाषा ओघवती. पालक दिनाला ती अकराच्या अकरा पानं न अडकता वाचेल, आणि वाचली तर त्याच दिवशी घरी. अडकली तर पुढचं सत्र, म्हणजे दिवाळीपर्यंत. नियम सगळ्यांना सारखा. मी ऐकत होते. माझ्या पीठ लागलेल्या बोटांचे ठसे फोनवर उमटत होते. मी विचारायला हवं होतं की सगळी पानं का? नववंसुद्धा? मी म्हणाले, थँक्यू सर. आणि ते खरं होतं, भाषा ओघवती असं मला याआधी फक्त कॉलेजात कुणीतरी म्हटलं होतं.

पालक दिनाला बारा दिवस होते. कपाटात साड्यांच्या खाली कच्ची पानं सापडली. मी ती पलंगावर मांडून बसायचे आणि कल्पना करायचे की आज ती कुठवर आली असेल. दुसऱ्या पानावर तिसरीतली गोष्ट आहे. तेव्हा मी रोज संध्याकाळी तिच्याकडून धडा वाचून घ्यायचे, आणि ती वाचायची, बोट ठेवून, छान. मी मैत्रिणींना सांगायचे की आमची दिशा घडाघडा वाचते. एके दिवशी पान उलटताना तिच्याकडून दोन पानं एकदम उलटली गेली आणि ती वाचतच राहिली, मागच्याच पानावरचं, हत्तीच्या चित्रावर बोट ठेवून विहिरीबद्दल. तिला काहीच येत नव्हतं. मी आदल्या दिवशी वाचून दाखवायचे तेवढ्यावर ती सगळं पाठ करत होती, वर्षभर. ती किती लक्ष देऊन ऐकत असेल माझं, असं तेव्हा माझ्या मनात आलं नाही. मी हसले. रविवारी सासरची माणसं जेवायला आली होती तेव्हा मी तिला पुस्तक घेऊन बोलावलं, मुद्दाम दोन पानं उलटून दिली आणि सगळ्यांना खूण केली. सगळे पोट धरून हसले. तिलाही वाटलं की आपण काहीतरी चांगलं केलं. तीही हसली आणि पुढं वाचत राहिली. हे मी निवेदनात ‘फसवणुकीची सवय’ या मथळ्याखाली लिहिलं आहे. नववं पान मी कच्च्यात पुन्हा पुन्हा काढून बघत होते, कारण ते वाक्य कच्च्यात नव्हतं. ते पक्कं करताना आलं. तो परिच्छेद माझ्या राहिलेल्या बी.एड.बद्दल होता, आणि तो संपत नव्हता. शेवटच्या ओळीनंतर काहीतरी हवं होतं, जिना उतरताना खालची पायरी पायाला लागावी तसं. मी पेन टेकवला आणि ते वाक्य आलं. ‘कधी कधी वाटते, ही झाली नसती तर बरे झाले असते.’ ते खरं होतं का, हे मी तेव्हा तपासलं नाही. परिच्छेद संपला, एवढं बघितलं.

रविवारी मी एकटीच निघाले, महेंद्रला सुट्टी मिळाली नाही. नगर ते मिरजगाव एसटी, आणि तिथून पुढं शेअर रिक्षानं तीन किलोमीटर. केंद्र पूर्वी मंगल कार्यालय होतं. फाटकावरचा ‘शुभ विवाह’ काढून टाकलाय, पण अक्षरांची जागा भिंतीवर पांढरी राहिली आहे. मुली जिथं राहतात त्या दारावर अजून ‘वधूपक्ष’ लिहिलेलं आहे आणि मुलांच्या दारावर ‘वरपक्ष’. दिशा दारातच उभी होती, हात मागं. केस कानापर्यंत कापलेले. उवा होतात म्हणून सगळ्यांचेच कापतात, हे फॉर्मच्या मागं छापलेलं होतं. मी तिला जवळ घेतलं तेव्हा ती हलली नाही, आणि दूरही झाली नाही. तिनं मला तिची घडी घातलेली चादर दाखवली, तिचं घासलेलं ताट, भिंतीवरचं वेळापत्रक. मी काही विचारलं की ती आधी माझ्या डोळ्यांत बघायची, मग उत्तर द्यायची, आणि उत्तर संपलं तरी बघत राहायची. सहाव्या पानावर मी लिहिलं होतं की ही नजरेला नजर देत नाही. त्यासाठी इथं दोघादोघांना समोरासमोर बसवून दोन मिनिटं पापणी न हलवता बघायला लावतात, असं तिनंच सांगितलं. मी विचारलं, त्रास नाही ना होत? ती म्हणाली, सुरुवातीला पाणी येतं, मग नाही येत. मग घंटा झाली आणि ती वाक्य अर्धं सोडून गेली. पूर्वी तिला जेवायला चार हाका माराव्या लागायच्या.

मी पाणी प्यायला मागं स्वयंपाकघराकडं गेले. तिथं चुलीपुढं एक बाई भाकरी थापत होती, पन्नाशीची, काळीसावळी, नऊवारीतली. तिनं माझ्याकडं बघून ओळखलं. तुमीच न्हवं का दिशाची आई, म्हणाली, चेहरा तोच हाय. तिचं नाव छबूबाई. तिनं मला पाटावर बसवलं आणि दिशाचं कौतुक सांगायला लागली. पीठ मळून देती, भांडी उचलती, आन् लई हुशार. सगळं पाठ हाय तिला, अकराच्या अकरा पानं, कागद न बघता म्हनती. माझ्यापाशी बसून म्हनून दाखवती, मला वाचता येत न्हाई ना, म्हून माझ्यासमोर तिला लाज वाटत न्हाई. मी विचारलं, सगळं म्हणते? छबूबाईनं तव्यावरच्या भाकरीवर हलकेच पाणी फिरवलं, मग ती उलटली. व्हय, म्हणाली, ते झाली नसती तर बरं, ते बी म्हनती. ते तर पयल्यांदा पाठ झालं तिला. मी उठायला लागले तसा तिनं माझ्या गुडघ्यावर पिठाचा हात ठेवला. तिच्या बोलण्यात राग नव्हता, ती समजूतच घालत होती.

“आवं, आमच्या आईनं बी म्हनलं आसंल तसं. धा वेळा म्हनलं आसंल. पर तिला लिवता येत नव्हतं.”

सभागृहात पन्नास-साठ पालक होते. जिथं नवरा-नवरी बसत त्या स्टेजवर प्लास्टरचे मोर अजून तसेच आहेत, मोरांच्या मधे माईक. आरतीनं सातवीच्या पुस्तकातला पाण्याच्या बचतीवरचा धडा वाचला, तीनदा अडकली, पण तिचं निवेदन केव्हाच संपलं असल्यामुळं तिला पास केलं. तिचे वडील ज्ञानेश्वर माझ्या शेजारच्या खुर्चीवर होते. ते टाळ्या वाजवता वाजवता रडले आणि मग उपरण्यानं चष्मा पुसत मला म्हणाले की माझ्याकडनं जास्त लिहिणं झालंच न्हाई, पेन चालंना. मग दिशा. तिनं अकरा पानं दोन्ही हातांत धरली. मी माझं अक्षर लांबून ओळखलं. ती वाचायला लागली आणि पहिल्याच पानावर लोक हसले. ती अंघोळीला जाते तेव्हा नळ चालू असतो आणि अंघोळ बंद असते, असं मी लिहिलं होतं. मी हसणाऱ्यांकडं बघितलं. माझ्या पोटात काहीतरी ऊबदार झालं, कॉलेजात वक्तृत्वाच्या वेळी मागच्या बाकांवरून दाद आली की व्हायचं तसं. नंतर लाज वाटली, पण ती नंतर. दुसऱ्या पानावर हत्ती आणि विहिरीला तर ज्ञानेश्वरसुद्धा हसले आणि मग माझ्याकडं बघून गप्प झाले. दिशाचा आवाज एकसारखा होता. जिथं हसू यायचं तिथं ती थांबायची, हसणं संपू द्यायची, पुढं वाचायची. सातवं पान, आठवं. आठव्या पानावर तिनं माझ्या पर्समधून घेतलेली लिपस्टिक आहे, आरशापुढं ती कशी दिसत होती त्याचं वर्णन आहे, पुढच्या रांगेतली मुलं त्याला हसली. मी नववं पान उलटण्याचा आवाज ऐकला. माईकवर कागद किती मोठ्यानं वाजतो.

बी.एड.चा परिच्छेद तिनं नीट वाचला. मग ती म्हणाली, “कधी.” मग पुन्हा, “कधी.” आणि थांबली. तिचं बोट ओळीवर होतं. सभागृहात कुणीतरी खोकलं. भागवत सर मान किंचित कलती करून थांबले होते. मी आधी दचकले, मग मला चुलीपुढची छबूबाई आठवली. तिला येत होतं. कागद न बघता येत होतं. जी मुलगी एक वर्ष काहीही येत नसताना येत असल्यासारखं करत होती, ती आता येत असताना येत नसल्यासारखं करत होती, आणि यात ती तेव्हापेक्षा कितीतरी तयार झाली होती. ओठ हलवत होती, बोट अर्धा इंच मागं घेऊन पुन्हा पुढं नेत होती. अडकली की दिवाळीपर्यंत, हे तिला माझ्याइतकंच माहीत होतं. ती साठ लोकांसमोर माझं वाक्य झाकत होती आणि त्याची किंमत म्हणून आठ महिने द्यायला तयार होती. की तिला आठ महिने हवेच होते, घरी यायचंच नव्हतं? मी तिच्या डोळ्यांत बघून ते शोधत होते. ती बघत होती, शिकवल्यासारखं, पापणी न हलवता, आणि तिथं काही दिसत नव्हतं.

सर माईकपाशी आले. ते म्हणाले की ही एकच ओळ दिशाला बसत नाही, महिनाभर बघतोय, बाकी सगळं पाण्यासारखं. आपला नियम आहे, पण आज आई समोर आहेत. मूल आईच्या तोंडून लवकर उचलतं. आईंनी वर यावं, ही ओळ एकदा वाचून दाखवावी, दिशानं मागोमाग म्हणावी, आपण ती पास धरू. सगळ्यांनी मागं वळून माझ्याकडं बघितलं. लोकांना हे आवडलं, दोघातिघांनी टाळ्याही वाजवल्या. मी उठले. स्टेजला चार पायऱ्या होत्या आणि त्या चार पायऱ्यांत मला पुष्कळ काही सुचलं. मी म्हणू शकत होते की ही ओळ खोडते. म्हणू शकत होते की ठेवा तिला दिवाळीपर्यंत, मी येत राहीन. आणि सगळ्यात सोपं म्हणजे मी दुसरंच वाक्य वाचू शकत होते. कागद माझ्या हातात येणार होता, समोरच्या कुणालाही त्यावर काय आहे ते दिसणार नव्हतं, ‘कधी कधी वाटते’ याच्यापुढं जगातलं कुठलंही वाक्य बसलं असतं. हत्तीच्या पानावर बोट ठेवून विहिरीचं वाचायचं, बस एवढंच. दिशा ते आठ वर्षांची असताना करू शकत होती.

तिनं पान माझ्या हातात दिलं आणि एक पाऊल बाजूला सरकली. तिच्या केसांना खोबरेल तेलाचा वास येत होता, केंद्रातल्या सगळ्या मुलींना येत होता तोच. पान कडांना मऊ पडलं होतं, त्या ओळीखाली पेन्सिलीची रेघ होती. माझं अक्षर खरंच चांगलं आहे. माईक माझ्या उंचीला थोडा खाली होता, सरांनी तो वर केला. समोर चेहरे गप्प झाले. लोक आपल्यासाठी गप्प होतात तो क्षण मी किती वर्षांनी बघत होते. मला दुसरं एकही वाक्य आठवलं नाही. पानावर ते लिहिलेलं होतं, आणि समोर लिहिलेलं असलं की मला ते वाचता येतं, लहानपणापासून येतं, माझ्यात तो दोष कधी नव्हता.

मी वाचलं. ‘कधी कधी वाटते,’ आणि तिथं मी थांबले, जेवढं थांबायला हवं तेवढं, ‘ही झाली नसती तर बरे झाले असते.’ आवाज शेवटच्या रांगेपर्यंत गेला. सर म्हणाले, आता दिशा. दिशानं पान घेतलं नाही. ती माईकपाशी आली आणि माझ्याकडं बघत तिनं ते म्हटलं, त्याच चालीत, तिथंच थांबून. मग उरलेली दोन पानं कागदाकडं न बघताच म्हणून टाकली. टाळ्या झाल्या. सरांनी तिला प्रमाणपत्र दिलं, आणि पान माझ्या हातातून घेऊन त्यांच्या फाइलीत ठेवलं, केंद्राचा नमुना म्हणून ते जपणार होते. खाली उतरताना ज्ञानेश्वर उभे राहिले. ताई, लई भारी वाचता तुमी, असं त्यांनी हात जोडून म्हटलं. त्यांना अर्थ कळला नव्हता असं नाही. पण अशा वेळी काहीतरी बोलायला लागतं.

परतीच्या एसटीत दिशाला खिडकी मिळाली. तिच्या मांडीवर पत्र्याची पेटी, पेटीवर प्रमाणपत्र. महेंद्रचा फोन आला, झाली का पास, आणि मी झाली म्हणाले. तो पेढे घेऊन स्टँडवर थांबणार होता. बाहेर ज्वारीची ताटं वाळून पांढरी झालेली, मधे मधे ऊसतोडीचे ट्रॅक्टर. दिशा बाहेरच्या पाट्या वाचत होती. कृषी सेवा केंद्र. हॉटेल. येथे पंक्चर काढून मिळेल. अहिल्यानगर, पंचेचाळीस किलोमीटर. एकही सोडत नव्हती, एकीवरही अडकत नव्हती. मी नऊ महिने याच दिवसाची वाट बघितली होती. मी तिला सांगायचा प्रयत्न केला की ते तसं नाही, लिहिताना माणूस लिहीत जातं, परिच्छेद संपवायचा असतो. तिनं पाट्या वाचणं थांबवलं आणि वळून माझ्या डोळ्यांत बघितलं. मी नजर खाली घेतली, प्रमाणपत्राचा कोपरा दुमडला होता तो सरळ केला. ती थांबली. तिथं असंच शिकवतात, समोरच्याचं बोलणं पूर्ण होऊ द्यायचं.

“आई,” ती म्हणाली, “तू एकदाही अडकली नाहीस.”